तुम्ही विचारलंत म्हणून: सध्या कोणतं मेटल चालू आहे?

हेवी मेटल संगीत ऐकणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. पाच-सहा नावं सांगून मोकळं होणं सोपं असतं. पण आठवड्यानं विचारणारा परत भेटतो आणि म्हणतो, "ऐकलं हो, पण सगळा गोंगाटच." अल्बम बहुतेक वेळा बरोबर असतो, कान भलतीकडे असतो. म्हणून इथे नावांबरोबर कान कुठे ठेवायचा तेही सांगून टाकतो.

भावगीतं आणि सिनेमाची गाणी ऐकून तयार झालेला आपला कान आधी गळा शोधतो. मेटलमध्ये गळा सगळ्यात शेवटी शोधायचा. आधी स्नेअर धरा, म्हणजे ड्रमसेटमधला तो कोरडा 'ठाक्'. बऱ्याच गाण्यांत तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. तो हाती लागला की चार मोजता येतात. चार मोजता आले की गिटारचा रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, किती मोजून परत फिरतो ते कळतं, आणि तिथे गोंगाट संपतो. ठेका धरून ख्याल ऐकणाऱ्यांना हे काही नवीन नाही.

सुरुवात ब्लॅक सॅबथपासून. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न शेवटचा गायला आणि २२ जुलैला गेला. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या यादीत सॅबथ परत आलंय, आणि ते योग्यच आहे. १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावा. रिफ जेमतेम तीन स्वरांचा आहे: सा, वरचा सा, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम. यमनात हाच तीव्र मध्यम संध्याकाळ गोड करतो, कारण तिथे पुढे पंचम वाट बघत असतो. इथे पंचम येतच नाही. सा आणि तीव्र म नुसते समोरासमोर उभे राहतात, म्हणून अंगावर काटा येतो.

पण सॅबथचा एकच अल्बम घ्यायचा तर मी १९७१ चा 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' घेईन. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि गिटारच्या पट्ट्या दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा लावल्या. या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, म्हणजे पांढरी तीनची काळी एक झाली. तारा सैल झाल्या, बोटांना सोपं गेलं आणि आवाज जड झाला. पुढचं सगळं डूम आणि स्टोनर मेटल, म्हणजे मेटलचे संथ आणि जड प्रकार, या सैल तारांवर उभं आहे.

घरी गिटार असेल तर हे करून बघण्याआधी थोडं थांबा. नेहमीचा ९ नंबरचा संच तसाच काळी एकवर उतरवलात तर तारा लोंबतात, पट्ट्यांवर खरखरतात, आणि जोरात छेडलं की स्वर क्षणभर चढा लागतो. त्यापेक्षा ११-५४ चा संच लावा. जाड तार नटच्या खाचेत अडकत असेल तर खाच थोडी घासून घ्या, नाहीतर ट्यूनिंग टिकणार नाही. शेवटी बाराव्या पट्टीवरचा स्वर आणि मोकळ्या तारेचा स्वर जुळतोय ना ते तपासा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवायचं, उतरा येत असेल तर पुढे.

मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण उजवा हात फार कमी जणांनी ऐकलेला असतो. अल्बमच्याच नावाचं गाणं मिनिटाला सुमारे २१२ ठोक्यांनी धावतं. मुख्य रिफमध्ये दर ठोक्याला दोन फटके आणि सगळे वरून खाली. मिनिटाला चारशेच्या वर. खाली-वर असं वाजवलं तर निम्म्या श्रमात होतं, पण वर जाणारा फटका हलका पडतो आणि रिफचा करवतीसारखा दात बोथट होतो. शिकणारे बहुधा इथेच अडतात, कारण ते कोपरातून जोर लावतात. दोन मिनिटांत दंड भरून येतो. हालचाल मनगटातून आणि अगदी तोकडी हवी, आणि सराव १४० पासून वर चढवत न्यायचा. आणखी एक गंमत. कडव्यातल्या रिफचं दर चौथं माप, म्हणजे ठोक्यांचा गट, थोडं तोकडं आहे, त्यामुळे पाय आपटत ऐकणारा नेमका तिथे चुकतो. चूक तुमची नाही.

त्याच वर्षीचा स्लेअरचा 'रेन इन ब्लड' म्हणजे दहा गाणी आणि जेमतेम २९ मिनिटं. या वेगाचं संगीत तोवर गुहेत वाजल्यासारखं रेकॉर्ड होत असे. निर्माता रिक रुबिननं घुमारा जवळजवळ काढून टाकला. साधा हिशेब आहे: मिनिटाला २०० ठोके असतील तर ठोक्याचा चौथा भाग ७५ मिलिसेकंदांचा. एका फटक्याचा घुमारा त्याहून लांब रेंगाळला तर तो पुढच्या फटक्यावर चढतो आणि सगळ्याचा लगदा होतो.

रुबिननं स्टुडिओतून घालवलेला लगदा आपण घरी परत आणतो. फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोलीत कोपऱ्यात ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा आणि वर 'बेस बूस्ट' चालू करायचा. नव्या ऐकणाऱ्यांच्या तक्रारींचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं. मेटलचा दणका फार खोलात नसतो. किक ड्रमचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, धक्का साधारण ६० ते ८० हर्ट्झला असतो, पण तो 'टिक्' असा वेगळा ऐकू येतो ३००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. बेस बूस्ट बहुतेक वेळा १०० ते २५० हर्ट्झ फुगवतो, आणि तिथे गिटार, बेस आणि किक तिघांची आधीच गर्दी असते. म्हणून उलटं करा. बूस्ट बंद. इक्वलायझरवर २०० ते ३०० चा भाग दोन-तीन डेसिबलनं खाली. बाकी कशाला हात लावू नका. स्पीकर कोपऱ्यातून भिंतीपासून हातभर पुढे आणा. साधे वायरचे हेडफोन असतील तर सगळ्यात बरं. शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं) दोन्ही बंद. त्याचं कारण पुढे मेशुगा या बँडपाशी कळेल.

ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अखंड अतिवेगवान ठेका, कानाला सवयीचा व्हायच्या आधी डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक' (१९९५) ऐकावा. फ्लोरिडाचा चक शुल्डिनर ओरडतो, पण शब्द कळतात. ड्रमवर जीन होग्लन आहे. स्नेअर सापडली की त्याच्या राइड सिंबलकडे वळा, ते मोठं ताट. त्याच्या कडेवर, अंगावर आणि मधल्या घुमटीवर तो वेगवेगळे बोल काढतो. ताशाच्या काडीकडे कान लावून ऐकणाऱ्यांना ही मजा लगेच कळेल.

स्टॉकहोमच्या एन्टोम्ब्डचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) मात्र आवाजासाठीच ऐकायचा. गंजलेली साखळी-करवत चालावी तसा गिटारचा आवाज. त्यामागे बॉस कंपनीचं एचएम-२ नावाचं पेडल आहे, आणि त्याची पाककृती जगजाहीर आहे: चार बटणं, चारही शेवटपर्यंत पिळलेली. घरी करून बघणाऱ्यांची चूक ठरलेली. पुढे अ‍ॅम्पवरही डिस्टॉर्शन चढवतात आणि मग तार सोडली तरी सूं-सूं थांबत नाही. अ‍ॅम्प साफ किंवा जेमतेम खरखरीत ठेवा. सगळं काम पेडलला करू द्या.

नॉर्वेच्या डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) याच्या अगदी उलट: पातळ, थंड, चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेला. रेकॉर्डिंग खराब आहे म्हणून लोक बंद करतात. ते तसं मुद्दाम आहे. एकच ठेका मिनिटंच्या मिनिटं चालतो आणि गिटार तानपुऱ्यासारखी मागे सतत वाजत राहते. इथे स्नेअर शोधत बसू नका, कारण शोधण्यासारखं त्यात काही बदलतच नाही. सुरावट किती सावकाश सरकते ते बघा.

आता मेशुगा. आपल्याकडच्या तालाच्या कानाला हे लोक सगळ्यात लवकर कळायला हवेत, आणि कळत नाहीत. कारण सगळे म्हणतात "फार अवघड ताल आहे" आणि ऐकणारा अवघड ताल शोधत बसतो. ताल साधा चारचा आहे. 'नथिंग' (२००२) मधलं 'रॅशनल गेझ' घ्या. ड्रमर टोमास हाकेचे हात सरळ चार मोजतात आणि स्नेअर प्रत्येक चारातल्या तिसऱ्या ठोक्यावर. पाय मात्र गिटारबरोबर जातात, आणि गिटारच्या रिफची लांबी चाराच्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे रिफ प्रत्येक वेळी वेगळ्या ठोक्यावर सुरू होतो. ६४ ठोके झाले की हात आणि पाय पुन्हा एकत्र येतात. तीच सम.

हिशेब उदाहरणादाखल, छोट्या आकड्यांत, असा डोक्यात ठेवा. ठोक्याचे चार भाग केले तर चार ठोक्यांच्या आठ मापांत १२८ भाग होतात. रिफ २५ भागांचा धरला तर पाच वेळा वाजून १२५ होतात आणि ३ उरतात. त्या तिनाचा तुकडा जोडायचा आणि समेवर पुन्हा पहिल्यापासून. आपली तिहाई समेवर पोचेल अशी आधी रचलेली असते. इथे रिफ आपल्या चालीनं चालत राहतो आणि सम आली की कापला जातो. त्या कापण्यातला धक्का हेच मेशुगाचं सौंदर्य. म्हणून पहिल्या ऐकण्यात मान स्नेअरबरोबरच हलवा. रिफच्या मागे गेलात की हरवलात. त्यांचा 'कॅच थर्टीथ्री' (२००५) तेरा तुकड्यांत कापलेली ४७ मिनिटांची एकच रचना आहे. शफलवर लावलात तर कादंबरीची पानं पिसल्यासारखं होईल.

नव्यातलं विचाराल तर २०२४ हे वर्ष भरघोस होतं. डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाला. त्यात दोनच रचना, प्रत्येकी तीन भागांच्या. डेथ मेटल चालू असताना मध्येच सत्तरच्या दशकातल्या सिंथेसायझरचं आकाश उघडतं. ते जोड ठिगळासारखे वाटत नाहीत, आणि यातच त्यांची खरी कमाल आहे. ओपेथच्या 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट'मध्ये २००८ नंतर पहिल्यांदा ग्रोल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, परतला. पण मला त्यात ग्रोलपेक्षा शांत जागा जास्त आवडतात. जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' आला तेव्हा रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता. वरच्या पट्टीतल्या त्याच्या किंकाळ्या ऐका, एवढंच सांगतो.

आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार' (२०१७). नाव ऐकून कोकणातला रात्रभराचा खेळ डोळ्यासमोर येईल. तसं काही नाही. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी, किबोर्डनं भरलेलं डेथ मेटल. नववा अवतार इथे बुद्ध आहे. आपल्याकडच्या काही जुन्या पंचांगांत त्या जागी विठोबा असायचा, त्याचं मेटल कसं झालं असतं कोण जाणे. ढोल आणि बासरी हवी असेल तर दिल्लीच्या ब्लडीवुडचा 'रक्षक' (२०२२). ज्यांना मेटलची अजून भीती वाटते त्यांना पहिल्यांदा हाच द्यावा.

जुन्या अल्बमची कोणती आवृत्ती घ्यावी, हाही नेहमीचा प्रश्न. 'रीमास्टर्ड' म्हणजे चांगलं, असं नाही. मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) मास्टरिंगमध्ये, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या हातात, इतका चढवला होता की आवाज चिरकायला लागला, आणि गिटारच्या व्हिडिओगेममधली त्याचीच आवृत्ती जास्त मोकळी निघाली. स्ट्रीमिंग अ‍ॅप सगळी गाणी एका पातळीवर आणतात. मग चढवलेल्या गाण्याचा मोठेपणा जातो आणि सपाटपणा तेवढा उरतो. पारख सोपी: अ‍ॅपमधलं नॉर्मलायझेशन चालू ठेवून एकच गाणं दोन्ही आवृत्त्यांत लावा. ज्यात स्नेअर बाकीच्यांच्या वर उठून येते, ती ठेवा.

राहिला आवाज किती ठेवायचा ते. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेत जो मापदंड सुचवला जातो, त्यात ८५ डेसिबलला आठ तास धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, म्हणजे 'रेन इन ब्लड' जेमतेम अर्धा होतो. कार्यक्रमाला जाताना खिशात इअरप्लग ठेवा. फोमचे असतील तर बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरा. नुसते तोंडाशी खोचले तर उपयोग नाही. फोमनं सिंबल मंद होतात. ते चालत नसेल तर संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात. त्यांत स्नेअर 'ठाक्' अशीच ऐकू येते, फक्त थोडी लांबून.