ट्री स्टँडवर चढायला शिकलो, माझा अनुभव

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचं लायसन्स मिळालं तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आधी मी ट्री स्टँडवर, म्हणजे शिकारीसाठी झाडाला उंचावर बांधलेल्या बसायच्या जागेवर, चढायला रीतसर शिकलो, ते लिहितोय कारण नवीन लोक स्टँड कुठला घेऊ एवढंच विचारतात, हार्नेसचं, म्हणजे पडलो तर अडकून राहावं म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्यांचं, कोणी विचारतच नाही.

ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी आधी झाडावर चढूच दिलं नाही. फुल बॉडी हार्नेस घालून जमिनीपासून जेमतेम फूटभर वर लटकायला लावलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. कंबरेचा नुसता पट्टा चालत नाही, पडल्यावर तो पोटात-छातीत रुततो आणि श्वास कोंडतो. पण चांगल्या हार्नेसमध्येसुद्धा हालचाल न करता लटकत राहिलं तर मांड्यांचे पट्टे आवळतात, रक्त पायात साचतं आणि माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडू शकतो. त्यासाठी रिलीफ स्ट्रॅप असतो, त्याच्या लूपमध्ये पाय घालून उभं राहिलं की मांड्या मोकळ्या होतात. तो लूप हातमोजे घालून, न बघता सापडायला पाहिजे, आणि ते जमेपर्यंत आम्ही पुढे गेलोच नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण हेच.

मग लाइफलाइन. स्टँडच्याही वर झाडाला बांधलेला आणि खाली बुंध्यापर्यंत आलेला दोर, त्यावर प्रुसिक गाठ. हाताने सरकवली तर सरकते, झटका बसला की दोर घट्ट पकडते. हार्नेस जमिनीवरच तिला अडकवायचा आणि परत जमिनीवर आल्यावरच सोडवायचा. लोक पडतात ते बहुतेक चढता-उतरताना, नाहीतर शिडीवरून स्टँडवर पाय टाकताना, त्यामुळे "वर पोचलो की बांधतो" म्हणणारा नेमका धोक्याच्या वेळी मोकळा असतो. वर बसल्यावर गाठ डोक्याच्या वर सरकवून ठेवायची, टेदरला, म्हणजे हार्नेसपासून गाठीपर्यंतच्या पट्ट्याला, ढील ठेवायची नाही, ढील जेवढी जास्त तेवढा झटका मोठा.

चढताना दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, तिन्ही कायम टेकलेले. म्हणजे हातात सामान नाहीच. धनुष्य खाली दोरीला बांधायचं, वर बसून हार्नेस चेक केला की ओढून घ्यायचं, बाणांची पाती झाकलेली हवीत. बंदूक असेल तर गोळ्या काढलेल्या आणि नळी खाली.

झाड जिवंत आणि सरळ बघा, वाळकं नको. स्टँड बांधलेले गेल्या सीझनचे पट्टे तसेच झाडावर असतील तर त्यांच्यावर विसंबू नका, उन्हाने ते कमजोर होतात, खारी कुरतडतात आणि खोड जाड होत गेलं की ताणले जातात, म्हणून सीझन संपला की सगळं उतरवून ठेवलेलं बरं.

आणि निघताना कुठल्या झाडावर बसणार, किती वाजता परत येणार ते घरी सांगून जा, फोन बॅगेत न टाकता खिशात ठेवा, लटकलात तर स्टँडला अडकवलेली बॅग हाताला लागणार नाही.