'केली होती' आणि 'केलेली होती'

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात एका मराठी घरातला मृत्युपत्राचा दावा माझ्यापुढे चालू होता. त्या दिवशी मृत्युपत्रावर साक्ष घातलेले वयोवृद्ध काका पिंजऱ्यात उभे राहिले. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची त्याच्याच बाजूनं होणारी पहिली तपासणी, शपथपत्रावरच होते. काकांच्या हिंदी शपथपत्रात नेहमीचं ठरलेलं वाक्य होतं: वसीयतकर्ता ने मेरे सामने हस्ताक्षर किए. असे दावे बिघडतात ते बहुतेकदा इथंच. साक्षीदाराला प्रत्यक्षात काय आठवतं, ते कुणी नीट विचारलेलंच नसतं.

उलटतपासणीत तोच प्रश्न आला: मृत्युपत्र करणाऱ्या काकूंनी सही तुमच्यासमोर केली का? काका मराठीत म्हणाले, "काकूंनी सही केलेली होती." मी सांगण्याआधीच टायपिस्टनं 'काकी ने हस्ताक्षर किए थे' असं उमटवलं. त्याला थांबवलं. काका पोचले तेव्हा सही कागदावर आधीच होती, आणि 'केलेली' या शब्दात ते सगळं आलं होतं. हिंदीत ते गळून गेलं.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकानं मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, नाहीतर 'ही माझी सही' अशी कबुली खुद्द त्याच्याकडून मिळालेली असावी. आणि आपली सही त्याच्यादेखत केलेली असावी. दोघं एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. म्हणून तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या (१८७२चा, २०२४ पर्यंत लागू) कलम १६५ खाली, न्यायाधीशाला प्रश्न विचारायच्या अधिकारात, मी एवढंच विचारलं, "मग काकू काही बोलल्या का?" प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही, हे पथ्य इथं फार जपावं लागतं.

"बोलल्या ना. म्हणाल्या, ही माझीच सही रे, आता तू कर. मी तिथंच पलंगापाशी पाट मांडीवर घेऊन केली."

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १० नुसार प्रश्न आणि उत्तर शब्दशः मराठीत उतरवून घेतलं, खाली हिंदी अर्थ. मग वाचून दाखवून काकांची सही.

पुढच्याच उत्तरात नवी अडचण निघाली. दुसऱ्या साक्षीदाराची सही? "तेव्हा नव्हती. खालची जागा कोरी होती." त्याच पुरावा कायद्याच्या कलम ६८ नुसार न्यायालयात एक साक्षीदार पुरायचा खरा, पण त्याच्या तोंडून दोन्ही साक्षांकनं सिद्ध व्हावी लागायची, २००२ मध्ये जानकी नारायण भोईर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. दुसरे साक्षीदार, घरचे डॉक्टर, हयात होते. वादीच्या वकिलांनी पुरावा अजून संपवला नव्हता. त्यांनी डॉक्टरांना समन्स मागितलं. हरकत आली, ती नोंदवून मी अर्ज मंजूर केला.

पुढच्या पेशीला डॉक्टरांनी सांगितलं, की संध्याकाळी रक्तदाब पाहायला गेले असता काकूंनी आपली सही दाखवून, ती आपलीच असल्याचं सांगून, त्यांना साक्ष घालायला लावली. उलटतपासणीत ते ढळले नाहीत. निकालपत्रात काकांचं वाक्य मी मराठीतच घातलं, 'केलेली' या शब्दासकट.