पेनांगात जेवणाचे हाल झाले नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून, मलेशियातल्या पेनांगबद्दल. बेळगावात शनिवार खुटावर भेटा नाहीतर लग्नाच्या पंगतीत, प्रश्न तोच: "पेनांगला इतकी वर्षं राहिलात, जेवणाचे हाल झाले असतील की?" नाही झाले. एवढंच म्हटलं तर कुणाला पटत नाही, म्हणून आज नीट सांगते.

हाल झाले ते ज्वारीच्या पिठाचे. इथून दळून नेलेलं पीठ तिथल्या दमट हवेत विरी गेलं. अशा पिठात उकळतं पाणी घाला, कितीही मळा, भाकरीच्या कडा फाटतातच, चवही कडवट. तरी 'बाहेरचं आपल्याला चालत नाही' हे माझं पालुपद सुरूच. तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, बाहेरचं चाखलं होतंस का?

चाखलं ते नासी लेमाक. नारळाच्या दुधात पांदानचं सुवासिक पान घालून शिजवलेला भात, शेंगदाणे, तळलेली बारीक सुकी मासळी, काकडी, अंडं आणि सांबाल, म्हणजे तेलात परतलेलं मिरचीचं वाटण. सगळी मदार सांबालवर. माझं पहिलं सांबाल एकाच वेळी करपलं आणि कच्चंही राहिलं. फार लागलं मनाला. मसाला परतण्यात हात बसलाय, असं मी समजत होते.

चूक आचेची होती. वाटणात पाणी असतं. ते आटेपर्यंत मिरची परतली जात नाही, नुसती शिजते. आच मोठी केली की तळ करपतो, वरचं कच्चं राहतं. वर मी गूळ आधीच घातला होता, तो आधी जळला. आता असं करते: वीस ब्याडगी आणि पाच संकेश्वरी मिरच्या, बिया काढून, गरम पाण्यात वीस मिनिटं. दहा छोटे कांदे, चार लसूण पाकळ्या आणि चमचाभर बेलाचान, म्हणजे आंबवून वाळवलेल्या जवळ्याची वडी, आधी तव्यावर भाजून घेतलेली. सगळं बारीक वाटायचं. अर्धी वाटी तेल, मंद आच, वीस-पंचवीस मिनिटं. तिथे म्हणतात 'पेचाह मिन्याक', तेल फुटलं. आपण म्हणतो तेल सुटलं. खूण तीच! चिंचेचा कोळ, गूळ, मीठ त्यानंतरच.

बेलाचानऐवजी सुकट चालेल का, असं विचारतात. खारेपणा येतो, आंबवल्याची खोली येत नाही. शाकाहारी असाल तर गाड्यावर आधी विचारा, "अदा बेलाचान?" भाजीतही असतं ते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच चिनी लोक मांसमच्छी खात नाहीत; त्या दिवशी शोधाशोध कमी.

भाकरीची आठवण यायची, हे कबूल. रडूही आलंय. पण आठवण येणं आणि हाल होणं एक नव्हे, निदान मला तसं वाटतं. घरी अजून वाद होतो यावर.

आता इथे आसाम लाक्सा करते, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातल्या शेवया. बांगडा उकडून काटे काढायचे, पाणी गाळून त्यातच मासा परत सोडायचा. नारळाचं दूध नाही. आंबटाला तिथे आसाम केपिंग, आमसुलाच्याच कुळातलं फळ. मी आमसूलच घालते. बुंगा कांतान, म्हणजे आल्याच्या कुळातलं एक फूल, इथे मिळत नाही, त्याला पर्यायही नाही. त्याशिवाय याला लाक्सा म्हणावं का? मी म्हणते. पेनांगच्या गाडीवाल्या मावशी म्हणणार नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमसुलं मात्र मोजून घाला, जास्त झाली की रस्सा काळपट होतो.