बांधापलीकडचा ब्लोअर

द्राक्षाचं सॅम्पल घेणं म्हणजे बागेत जाऊन चार घड तोडणं, असं माझ्या सासुरवाडीला अजूनही वाटतं. त्यांचंही फार चुकत नाही. शेडमध्ये चहा पीत बसायचं आणि शेतकऱ्यानं आणून दिलेले घड पिशवीत घालून सील करायचं, असं करणारे आमच्यातही आहेत.

मी रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेले औषधांचे अंश, तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेसाठी सॅम्पल गोळा करतो. जानेवारी ते मार्च मुक्काम नाशिककडच्या निफाड आणि दिंडोरीत. युरोपला जाणारी द्राक्षं नोंदणी केलेल्या प्लॉटमधलीच लागतात. कृषी खात्याकडे प्लॉट नोंदवायचा, अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत त्याला नंबर मिळतो, काढणीआधी आम्ही सॅम्पल नेतो आणि अहवाल पास झाला तरच पॅकहाऊस पुढची कागदपत्रं काढू शकतं. २००३ मध्ये मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडून आपला माल युरोपात अडकला, त्यातून हे सगळं उभं राहिलं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटनं, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या आपल्या लिहोसिननं, पुन्हा दणका दिला, कारण तोवर ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. निर्यातीला सरकारची मदत म्हटलं की लोकांना अनुदान आठवतं. माझ्या मते या तपासणीइतकी मदत कुठल्याच अनुदानानं केलेली नाही, आणि शेतकऱ्यांच्या शिव्याही सगळ्यात जास्त हीच खाते.

त्या दिवशीचा प्लॉट थॉमसन या बिनबियांच्या जातीचा होता. एकसारखे, फुगलेले मणी, साखर भरलेली. असा माल पाहिला की मलाच बरं वाटतं. फवारणीची वही नीट होती. कुठलं औषध, किती तारखेला, काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे, सगळं लिहिलेलं. पण गाडीतून उतरतानाच नाकात वास शिरला होता. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही. पलीकडच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचा पंखा, फिरत होता आणि वारा आमच्या बाजूला होता.

"साहेब, आज नका घेऊ. चार-सहा दिवसांनी या," शेतकरी म्हणाला.

हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. बहुतेक वेळा त्यामागे उशिरा मारलेलं एखादं औषध असतं, त्यामुळे ऐकलं की मी उलट जास्तच सावध होतो. त्यानं कारण सांगितलं नाही. पलीकडे बोटही दाखवलं नाही. निर्यातदार कंपनीचा पोरगा घड्याळ बघत उभा होता, त्याला गाडी भरायची घाई. मी सॅम्पल घेतलं.

घेतलं ते नेहमीसारखं. बाग आडवी-तिरपी चालून, एका वेलीवरून एकच घड, कधी वरचा, कधी सावलीतला, कधी कडेच्या ओळीतला. निवडून चांगले घड घेतले की सॅम्पल खोटं झालं. मग पिशवी, सील, कोड, शेतकऱ्याची सही, आणि बर्फाच्या पेटीतून लॅब. तिथे दळणाऱ्याला त्या कोडपलीकडे काही ठाऊक नसतं.

क्लोरपायरीफॉसला युरोपची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. मी शेतकऱ्यांना हे असं सांगतो: शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. म्हणजे सात-आठ रीफर (थंड) कंटेनर भरून माल आणि त्या सगळ्यात मिळून चिमूटभर औषध. मशीनला ती चिमूट दिसते. बांधापलीकडून उडून आलेली असली तरी दिसते.

सॅम्पल फेल गेलं. मर्यादेच्या दुपटीच्या आसपास. इंटर्नल अलर्ट, म्हणजे या प्लॉटचा माल युरोपला जाऊ देऊ नका असा इशारा, निघाला आणि प्लॉट अडकला.

कंपनीच्या पोरानं तासाभरात शेजारच्या गावात दुसरी बाग ठरवली. त्याला दोष देता येत नाही, जहाज कुणासाठी थांबत नाही. मला शेतकऱ्याच्या फोनची धास्ती होती. तो आला, पण आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, "पलीकडचा माल लोकलचा आहे साहेब. मिलीबग लागला होता त्याला. चुलत भाऊ माझा. विहीर एकच आहे आमची." मी म्हटलं, त्या दिवशी का नाही बोललात? तर म्हणे, "कंपनीच्या माणसापुढं भावाचं नाव घेऊ?"

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. मी थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. अंश मण्यांवर होते, आणि त्या आठवड्यात माल तुटला असता तर तेच अंश रॉटरडॅमला पोचले असते. तपासणीनं नेमकं तेच पकडलं. पण अलर्ट लागला तो प्लॉट नंबरवर, आणि फवारा मारला तो नंबर नसलेल्या बागेत. आमच्या फॉर्मवर शेतकऱ्यानं काय वापरलं याचा रकाना आहे. शेजारी काय पीक, त्याचा माल कुठं जाणार, तो काय मारतो, याचा नाही. पुढे एका बैठकीत मी हे काढलं, तेव्हा वरच्या साहेबांनी "वाऱ्याची पण नोंदणी करायची का?" असं म्हणून हशा मिळवला. मी तर फक्त शेजारच्या गट नंबरची एक ओळ मागत होतो.

दुसऱ्यांदा सॅम्पल घेतलं ते पास झालं, अलर्ट उठला. तोवर मार्च उजाडला होता, मणी पिवळे पडायला लागले होते आणि कंपनीनं बोललेला दर मागे घेतला होता. माल शेवटी लोकल व्यापाऱ्यानं उचलला, राहिलेल्याचा बेदाणा झाला.

पुढच्या हंगामाआधी मी त्याला आपणहून फोन केला. नोंदणीची तारीख जवळ आली होती. "नाही केली," तो म्हणाला. "भावाला सांगून बघितलं, दोघं मिळून नोंदवू. तो म्हणतो, लोकलला कोण विचारतंय? मग मीही म्हटलं, बरोबर आहे." वही लिहिता का अजून, असं मी विचारलं. तो हसला आणि त्यानं पाऊसपाण्याचा विषय काढला.