डबीतला कवडसा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात कौलांमध्ये एक काच बसवलेली आहे. सकाळी नऊच्या सुमाराला तिच्यातून कवडसा उतरतो आणि त्यात धूळ नाचायला लागते. लहानपणी मी ती मुठीत धरायला बघायचो.

परवा हवेतली धूळ मोजायचं यंत्र घेतलं, साबणाच्या वडीएवढं. राहवलं नाही म्हणून खोललं (वॉरंटी गेली, जाऊ दे), तर आत कवडसाच! बारकासा पंखा हवा ओढतो, वाटेत लेसरचा किरण आडवा, आणि बाजूला काटकोनात प्रकाश टिपणारा डोळा. कण किरणात आला की लकाकतो. लकाकी किती, त्यावरून कण केवढा ते ठरतं.

हा हिशेब १९०८ साली ज्या जर्मन माणसानं मांडला, त्याचं नाव गुस्ताव मी. एवढं मोठं काम करून आडनाव 'मी', मिरवायला आणखी काय पाहिजे! पण त्याचं गणित गोल कणांचं. आमच्या डंकातून (मिरची कुटायच्या यंत्रातून) उडणारी मिरचीची पूड काही गोल नसते, तरी यंत्र तिला गोलच धरतं. आणि कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा पुष्कळ बारीक असला, तर व्यास निम्मा झाल्यावर लकाकी ६४ पटींनी घटते. त्यामुळं ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं या स्वस्तातल्या यंत्राला जवळपास दिसतच नाही. चुलीच्या धुरातले बहुतेक कण नेमके त्याहून बारीक.

आईनं फोडणी टाकली आणि यंत्रावरचा आकडा (घनमीटरभर हवेत बारीक धूळ किती मायक्रोग्रॅम, तो) तिसावरनं तीनशेवर गेला. मी म्हटलं, "आई, दिवसाची सरासरी साठच्या आत पाहिजे."

"मग जेवू नगंस," आई म्हणाली.

पुढं एका पहाटे यंत्र घेऊन रंकाळ्यावर गेलो. धुकं दाटलेलं, आकडा भलताच चढला. पाण्याचा थेंब असो की धूळ, लकाकलं की मोजलं. घरी येऊन हे सांगितलं तर आई यंत्राकडं बघून म्हणाली, "ह्याला धुकं कळंना आणि माझ्या फोडणीला नावं ठेवतंय व्हय?"

नोव्हेंबरात किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात गेलो. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत आली. मी गर्दीत मागं होतो, सूर्य पाठीशी, म्हणून हवेतली धूळ फारशी दिसत नव्हती. पुढं सरकून मागं वळून बघितलं, तर सूर्याच्या दिशेनं सगळी हवा पेटल्यासारखी. या आकाराचे कण बहुतेक प्रकाश पुढच्या दिशेनंच फेकतात, म्हणून सूर्याकडं तोंड केल्यावर दिसतात.

किरणं देवीच्या कमरेपर्यंत चढली आणि विरली. शेजारचे आजोबा म्हणाले, "धुरकट हाय आज." यंत्र माझ्या खिशात होतं. चालू करायचं ध्यानातच आलं नाही.