गुडनाइटची भावकी

चार्ल्स गुडनाइटला मूलबाळ नव्हतं. तरी इकडे अ‍ॅमरिलोत कुणालाही विचारा, टेक्सासच्या या उत्तर टोकाचा मूळपुरुष म्हणून त्याचंच नाव सांगतील. मी माणदेशातला. लहानपणी आमच्या दारात हेळवी यायचा, ओसरीवर बसून पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा आणि पायली-दोन पायली धान्य घेऊन पुढच्या घरी जायचा. गुडनाइटची वंशावळ सांगताना मात्र त्याची पंचाईत झाली असती.

जन्म ५ मार्च १८३६चा, इलिनॉयमधला. पाच वर्षांचा असताना वडील न्यूमोनियाने गेले. आईने दुसरं लग्न केलं आणि १८४५च्या शेवटाला सगळं बिऱ्हाड छकड्यात घालून टेक्सासची वाट धरली. आठशे मैल हे नऊ वर्षांचं पोर खोगिराविना घोडीवर बसून आलं. शाळा झाली जेमतेम सहा महिने. पुढे आईचं तिसरं लग्न झालं ते एका धर्मोपदेशकाशी. त्याच्या मुलाबरोबर, म्हणजे सावत्र भावाबरोबर, चार्ल्सने दुसऱ्यांची गुरं वाट्याने राखायला घेतली. जन्मलेल्या दर चार वासरांमागे एक यांचं. धंद्याची सुरुवात ही अशी.

यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात गुरं मोप आणि गिऱ्हाईक कुणी नाही. १८६६ साली गुडनाइटने वयाने बऱ्याच मोठ्या ऑलिव्हर लव्हिंगशी भागी केली आणि दोन हजार गुरं पश्चिमेला हाकली. पेकोस नदीच्या अलीकडचा पट्टा पार निर्जळी. तीन दिवस तीन रात्री जनावरांच्या तोंडाला पाणी नाही. नदीचा वास लागल्यावर ती अशी उधळली, की कित्येक नदीतच गेली. उरलेली न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला विकली. तिथे लष्कराने हजारो नवाहो आदिवासी डांबून ठेवले होते आणि त्यांना खायला घालायला काही नव्हतं. सोन्यात बारा हजार डॉलर मिळाले. गुडनाइटची दौलत या उपासमारीवर उभी राहिली, आणि इथल्या कौतुकाच्या गोष्टींत ही ओळ बहुधा गाळलेली असते.

पुढच्याच वर्षी लव्हिंग कोमांची आदिवासींच्या हल्ल्यात जखमी झाला. जखम चिघळली आणि फोर्ट समनरलाच तो गेला. परक्या मुलखात मला पुरू नकोस, एवढंच त्याचं मागणं. गुडनाइटने देह काही महिन्यांनी उकरून काढला. गुराख्यांनी तेलाचे डबे ठोकून पत्र्याची पेटी केली, भोवती कोळसा भरला आणि खेचरांच्या गाडीतून शेकडो मैल त्याच्या टेक्सासातल्या गावी, वेदरफर्डला नेली. लव्हिंगच्या घरच्यांना नफ्यातला वाटाही पोचता केला. सख्ख्या मुलांनी याहून जास्त काय केलं असतं?

गुडनाइटचा गुराखी बोस आयकार्ड गुलामगिरीत जन्मलेला. गुडनाइट गुरांच्या विक्रीची रक्कम त्याच्याकडे ठेवायला द्यायचा, कारण काळ्या माणसाकडे पैसे असतील अशी शंका चोरांना येणार नाही. हिशेब त्या काळचा, पण विश्वासही खरा. १९२९मध्ये आयकार्ड वारला तेव्हा थडग्यावर दगड बसवला तो नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटने.

१८७० साली त्याने मॉली डायर या शिक्षिकेशी लग्न केलं. १८७३च्या मंदीत कोलोरॅडोतलं सगळं बुडालं, म्हणून १८७६मध्ये सोळाशे गुरं घेऊन तो पालो ड्युरोच्या दरीत उतरला. मोकळी जमीन सापडली असं सांगतात. मोकळी कसली! दोनच वर्षांपूर्वी सैन्याने तिथून कोमांची, कायोवा, शायेन लोकांना हुसकावून त्यांचे हजारावर घोडे गोळ्या घालून मारले होते. भांडवल आणलं जॉन अडेरने. हा आयर्लंडात डेरीव्हे इथली ४७ कुळं घराबाहेर काढून आलेला जमीनदार. दोघांची जेए रँच वाढत वाढत १३ लाख २५ हजार एकरांवर गेली.

या पसाऱ्यात मॉली एकटी. शेजार पंचाहत्तर मैलांवर. एका गुराख्याने तीन कोंबड्या आणून दिल्या तर तिने त्या कापल्या नाहीत, सोबतीला ठेवल्या. बाहेर शिकारी चामड्यासाठी गवे, म्हणजे अमेरिकेतले बायसन, मारत सुटले होते आणि आयांवाचून राहिलेली पिल्लं रात्रभर ओरडायची. तिने नवऱ्याच्या मागे लागून काही पिल्लं घरी आणवली. नवऱ्याने मग गवे आणि गाई यांचा संकर करण्याचे प्रयोग आरंभले. त्यांतून धंदा काही उभा राहिला नाही. मॉलीचा कळप मात्र टिकला. १९९७मध्ये तो टेक्सास सरकारकडे आला आणि आज कॅप्रॉक कॅनियन्सच्या उद्यानात चरतोय.

सगळ्यात गुंतागुंतीचं नातं कोमांचींचा प्रमुख क्वाना पार्कर याच्याशी. लहानपणी पळवून नेलेल्या, कोमांचींमध्ये वाढलेल्या, तिथेच संसार थाटलेल्या गोऱ्या सिंथिया अ‍ॅन पार्करला १८६० साली टेक्सासच्या रेंजर्स या सशस्त्र दलाने बळाने परत आणलं, तेव्हा वाटाड्या होता गुडनाइट. तिचाच मुलगा क्वाना. १८७८मध्ये भुकेले कोमांची शिकारीला दरीत आले, तेव्हा गुडनाइटने क्वानाशी तह केला: एका आड एक दिवस दोन जनावरं द्यायची. पुढे दोघांचा स्नेह जमला.

मॉली १९२६मध्ये गेली. त्यानंतर कॉरिन गुडनाइट नावाच्या एका तरुणीचा मजकूर इथे येतो. आडनाव एकच म्हणून तिने पत्रव्यवहार सुरू केलेला, रक्ताचं नातं काडीचंही नव्हतं. आजारी म्हाताऱ्याची तिने शुश्रूषा केली आणि ५ मार्च १९२७ला, आपल्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी, त्याने सव्वीस वर्षांच्या कॉरिनशी लग्न लावलं. लग्नानंतर तिचं आडनाव बदलायचा प्रश्नच आला नाही.