ट्रेनरचा फ्रीहब: ग्रीस जितकं कमी तितकं बरं

पेडल मारणं थांबवलं आणि चेनचा वरचा पदर सैल पडून चेनस्टेवर (फ्रेमच्या मागच्या आडव्या नळीवर) आपटला, की डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरचा (मागचं चाक काढून सायकल ज्यावर चढवतात, त्या घरच्या ट्रेनरचा) फ्रीहब, म्हणजे पेडल थांबल्यावर कॅसेटला मोकळं सोडणारा भाग, जड झाला समजा. फ्लायव्हील (ट्रेनरचं जड चक्र) अजून फिरत असतं आणि कॅसेटलाही (मागच्या गिअरच्या चकत्यांच्या संचालाही) सोबत ओढत नेतं. जोर लावताच खट्कन पेडल रिकामं गेलं, तर मामला जास्त गंभीर. पॉल (फ्रीहबमधले स्प्रिंगवरचे खटके, सायकलवाल्यांचे ‘कुत्रे’) रॅचेटच्या, म्हणजे दातेरी कड्याच्या, दातांत पूर्ण बसत नाहीत. अशा वेळी स्प्रिंट मारत राहिलं तर दातांच्या कडा उडतात.

दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा जुनं, चिकट झालेलं किंवा चुकीचं ग्रीस असतं. बेअरिंगसाठीचं घट्ट ग्रीस पॉलवर थापलं, की बारीक स्प्रिंगला ते वर ढकलता येत नाहीत.

आधी ट्रेनरचा प्लग काढा. चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने) कॅसेट धरून लॉकरिंग (कॅसेट जागी धरणारी रिंग) सोडवा आणि स्पेसरच्या क्रमाचा फोटो काढून ठेवा. खाली पांढरं फडकं अंथरा, कारण स्प्रिंग उडाली की फरशीवर सापडत नाही. मग एंड कॅप काढून फ्रीहब सरळ बाहेर ओढा. एंड कॅपची रचना मॉडेलप्रमाणे बदलते, तेव्हा मॅन्युअल पाहा.

पॉल, त्यांचे खाचे आणि रॅचेट रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा. आत डीग्रीझर फवारू नका. ते सीलमधून बेअरिंगमध्ये शिरतं, आणि ट्रेनरच्या आतल्या बेल्टवर उडालं तर बेल्ट घसरायला लागतो. प्रत्येक पॉल बोटाने दाबून सोडा. तो टक्कन वर आला पाहिजे. रेंगाळला तर खाचा पुन्हा पुसा, आणि स्प्रिंग वाकलेली असेल तर बदला.

आता फ्रीहबसाठीचं पातळ ग्रीस घ्या. पॉलवर आणि दातांवर नुसती चकाकी दिसेल इतकाच थर पुरे. दातांमधल्या फटी भरल्या, तर जास्त झालं. रबर सीलच्या ओठालाही बोट फिरवा. कोरडं सील किंचाळतं आणि लोक उगाच बेअरिंग बदलत बसतात.

बसवताना पॉल आत दाबून फ्रीहब घड्याळाच्या उलट दिशेने हलकेच फिरवत सरकवा. ठोकू नका. कॅसेटच्या लॉकरिंगला साधारण ४० न्यूटन-मीटर टॉर्क द्या. सायकल चढवण्याआधी कॅसेट हाताने उलटी फिरवून पाहा: टिकटिक एकसारखी यायला हवी. मध्येच एखादी टिक गळत असेल, तर पुन्हा उघडा.